तेल लावलेला राउटर

माझी नात जुसारा लग्न होऊन रेसिफेला गेली, त्या वर्षीची ही गोष्ट. लग्न जानेवारीत झालं. जाताना तिनं घरातली कामं वाटून दिली. कोंबड्या माझ्याकडे, सिलिंडर बदलणं माझ्या धाकट्या भावाकडे, अदाउतोकडे. टीव्हीशेजारी भिंतीवर टांगलेला राउटर मात्र कोणाच्याच वाटणीला आला नाही. कॉलेजात असताना तिनंच तो आणला होता.

"हिरवा दिवा लागला असला की झालं, आजी," एवढंच म्हणाली.

दिवा हिरवाच होता. तरी मार्चमध्ये सगळं बिघडलं.

अदाउतोची बायको वारल्यापासून तो माझ्या मागच्या खोलीत राहायचा. साखर कारखान्यात त्याचा जन्म गेला आणि चिपाडाचा भुसा छातीत बसला. आमच्या चर्चच्या मंडळीच्या बँडमध्ये तो बॉम्बार्डिनो वाजवायचा. मोठं पितळी वाजंत्र ते, मांडीवर धरून फुंकायचं. एकतीस वर्षं त्याची खुर्ची एकच. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, "फुंकायचं तेवढं या वर्षी फुंकून घ्या. पुढच्या वर्षीचं मी काही सांगत नाही." त्याला दुसरी कसलीच हाव नव्हती. श्वास आहे तोवर त्या खुर्चीत बसायचं.

एका सकाळी मी त्याला कॉफी आणि मक्याचं कुसकुस घेऊन गेले. त्याच्या फोनवर एक बाई. अंगावर नावाला कपडे, हातात जुगाराचे पत्ते.

"हे काय?"

"मी नाही काही केलं, ताई. रविवारच्या गीताचं नोटेशन उघडत होतो, ही आपोआप आली."

"आपोआप दूधसुद्धा उतू जात नाही. आधी कोणीतरी गॅस पेटवतो."

माझ्या फोनवर असलं काही कधी आलं नव्हतं. मी त्यावर फक्त बोलून निरोप पाठवायची आणि आलेले ऐकायची. बाकी कशाला हात लावत नसे. हे तेव्हा माझ्या ध्यानात यायला हवं होतं. आलं नाही. मी चपला घातल्या आणि थेट पाळकांकडे गेले.

पाळक एव्हराल्दो मोटरसायकलवर तेलाची बाटली घेऊन आले. प्रार्थना केली, दाराला तेल लावलं, अदाउतोच्या पलंगाला लावलं, मग राउटरला. एक ओघळ फटीतून आत गेला. दिवा विझला. आम्ही श्वास धरून उभे. मग पुन्हा हिरवा लागला.

"आता हा शुद्ध झाला," पाळक म्हणाले.

"थोडा कांदा टाका, साहेब," अदाउतो म्हणाला, "परतूनही निघेल."

मी डोळे वटारले.

तिसऱ्या दिवशी ती बाई परत आली. या वेळी अदाउतोनंच मला बोलावून फोन दाखवला. लपवणारा माणूस असं करत नाही. पण मी वेगळाच हिशेब केला, पाळकांनीही तोच केला. राउटर तर शुद्ध झालेला, माझ्या डोळ्यांदेखत. मग घाण उरली ती माणसात. त्यांनी अदाउतोला तीन महिने मंडळीच्या शिस्तीखाली ठेवलं. प्रभुभोजनाची भाकर नाही, वाजंत्र नाही, बसायचं शेवटच्या बाकावर.

तो भांडला नाही. बॉम्बार्डिनो चादरीत गुंडाळून पलंगाखाली सरकवला. दुपारी वाजंत्राचं नुसतं फुंकायचं टोक काढून ओठाला लावायचा आणि आवाज न करता फुंकायचा. सुरुवातीला त्याच्या एका श्वासात मी स्वयंपाकघरातून अंगणातल्या नळापर्यंत जायची. मेमध्ये दारापर्यंतही पोचेना. मला एका जागी बसवेना. भांडी घासलेली पुन्हा घासायची, कोंबड्यांना दोनदा दाणे टाकायची.

अशात जुसारानं निरोप पाठवला, "आजी, नव्या घराचे फोटो टाकलेत, खालच्या निळ्या ओळीवर बोट ठेव." मी ठेवलं. घर नाही उघडलं. ती बाई उघडली. माझ्या फोनवर, माझ्या हातात, तेच पत्ते.

मी खुर्चीवर चढले, राउटर खिळ्यावरून उतरवला, पिशवीत घातला आणि बस थांब्याजवळच्या इव्होनेतच्या दुकानात गेले. ती रेडिओ, मिक्सर, काय म्हणाल ते दुरुस्त करते.

"इदालिनाबाई, हा तेलकट कसा? तळून आणलात?"

"अभिषेक झालाय त्याला. हसू नकोस."

तिनं तो पुसला, पाठीवरचा नंबर भिंगातून वाचला, कॉम्प्युटरवर शोधला. मग तारेला जोडून बराच वेळ काहीबाही बघत राहिली.

"याला कंपनीनं वाऱ्यावर सोडलंय. सहा वर्षं झाली, एक अपडेट नाही."

"म्हणजे?"

"चोर नव्या किल्ल्या बनवत असतात, म्हणून कंपनी मधूनमधून कुलूप बदलून देते. त्याला अपडेट म्हणायचं. याचं कुलूप सहा वर्षं तेच. कोणीतरी आत शिरून रस्त्यावरच्या पाट्या फिरवल्यात. तुम्ही निघता गीताकडे, पाटी नेते जुगाराकडे. घरातला कुठलाही फोन असो."

"माणसाचा काही दोष?"

"माणसाचा कसला? पिन टोचून साफ करून देते. पण भोक तेच, आठवड्यात परत कोणी शिरेल. नवाच घ्या."

तिनं पिन उचलली. मी तिचा हात धरला.

"टोचू नकोस. मला हा असाच पाहिजे."

"लोक माझ्याकडे दुरुस्त करून घ्यायला येतात, बाई."

"मी नाही आले."

पाळकांना सांगितलं तर ते म्हणाले, "इव्होनेत प्रार्थनेला तरी येते का कधी?" आणि विषय संपवला. अभिषेक त्यांनी केलेला. राउटर खराब म्हणणं त्यांना जड जात होतं. मी वाद घातला नाही. गुरुवारी त्यांना आणि त्यांच्या बायकोला, मार्लुसेला, कॉफीला बोलावलं. राउटर परत खिळ्यावर, दिवा हिरवा.

"साहेब, जुसारानं तुम्हाला लग्नाचे फोटो पाठवलेत, बघा ना. तुमच्या फोनला आमचं वायफाय जोडा, म्हणजे लवकर येतील."

त्यांनी जोडलं. फोन टिंग वाजला. फोटोंच्या आधी ती बाई आली, पत्त्यांसकट. मार्लुसे शेजारीच बसली होती.

"एव्हराल्दो!"

"अगं, मी हातही लावला नाही! आपोआप..."

ते तिथेच थांबले. दारात अदाउतो उभा होता. खोकत होता की हसत होता, मला कळेना.

"तीच ती, साहेब," तो म्हणाला. "आमची जुनी ओळख."

पाळकांनी फोन पालथा ठेवला. कॉफी निवून गेली.

"ठीक आहे," शेवटी म्हणाले. "रविवारी अदाउतोनं उभं राहून मंडळीची क्षमा मागावी. मी शिस्त उठवतो."

"कशाबद्दल क्षमा?"

"रीत आहे तशी. त्याशिवाय उठवता येत नाही."

"मग राहू द्या," अदाउतो म्हणाला आणि खोलीत गेला.

तीन दिवस मी त्याच्या मागे लागले. "दोन शब्द आहेत रे. तोंडातून काढ आणि मोकळा हो. श्वास किती उरलाय तुझा?"

"थोडाच उरलाय, ताई. म्हणून तर खोट्यावर खर्च करत नाही." मग म्हणाला, "पाळकांकडे गेलीस तेव्हा माझा एक शब्द तरी खरा मानला होतास?"

मी उठले आणि कोंबड्यांना पुन्हा दाणे टाकायला गेले.

रविवारी पाळकांनी विचारलं, कोणाला मंडळीसमोर काही बोलायचंय का. शेवटच्या बाकावर अदाउतो गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. हलला नाही. पाळक वाट बघत राहिले. मी उठले.

"क्षमा मला मागायचीय," मी म्हणाले. "मंडळीची नाही, माझ्या भावाची. राउटर खराब होता. तेलानं बरा होण्यातला नव्हता. मी राउटरवर भरवसा ठेवला आणि भावावर नाही. जाऊन सांगितलं ते मी."

पाळकांचा चेहरा लाल झाला. मग मार्लुसे मोठ्यानं "आमेन" म्हणाली, तिच्यामागून आणखी दोघीतिघी.

पाळकांनी घसा साफ केला. "तेल मी लावलं होतं," ते हळू म्हणाले. मग वर बघून, "अदाउतो, तुमची खुर्ची रिकामी आहे."

"वाजंत्र घरी आहे, साहेब."

"आणा. आम्ही थांबतो."

दोन गल्ल्यांचं अंतर. मला त्याच्यासोबत जायचं होतं, त्यानं हातानंच बस म्हटलं. पंचवीस मिनिटं मंडळी थांबली. तो चादरीसकट आला, दाराला टेकून दम घेतला आणि खुर्चीत बसला. गीताची पहिली दोन कडवी वाजवली. तिसऱ्याला वाजंत्र मांडीवर धरून नुसता बसून राहिला. त्या दिवशी प्रभुभोजनही घेतलं.

सोमवारी आम्ही नवा राउटर आणला. कंपनी त्याला कुठल्या सालापर्यंत अपडेट देणार आहे, ते मी इव्होनेतकडून भिंतीवर पेन्सिलीनं लिहून घेतलं.

अदाउतोनं त्यानंतर अकरा रविवार वाजवलं. मग उठवेना. त्याच वर्षी, सप्टेंबरच्या सव्वीस तारखेला, सोमवारी सकाळी सातच्या सुमारास, तो माझ्या घरी वारला. वय एकोणसत्तर.