ऑरनच्या डावीकडे

लेस्टर होलुब फोर्जर्स या अमेरिकन फुटबॉलच्या संघाकडून बारा हंगाम खेळला, आणि त्या बारा वर्षांत त्याचा हात चेंडूला लागला तो एकदाच. तोही कुणाच्या तरी हातून निसटून चेंडू त्याच्या पोटाखाली आला म्हणून. गार्डचं, म्हणजे पुढच्या फळीतल्या गड्याचं, काम चेंडूशी नसतंच. समोरून धावून येणारा पावणेतीनशे पौंडांचा गडी अडवायचा, रेटायचा, जमल्यास पाडायचा, आणि मागे चेंडू फेकायला उभ्या असलेल्या क्वार्टरबॅकला तीन सेकंद मिळवून द्यायचे. साधलं तर टाळ्या क्वार्टरबॅकला. चुकलं तर पंच कर्ण्यावरून सगळ्या मैदानाला ऐकवणार, "चूक, नंबर चौसष्ट!" लेस्टरची आई म्हणायची, "माझ्या पोराचा नंबर गावाला पाठ आहे, पण शिव्या घालण्यापुरता."

गाव म्हणजे यंगस्टाउन. बाप पोलादाच्या गिरणीत भट्टीवर होता, काका तिथेच, आजाही तिथेच. लेस्टर भट्टीवर गेला नाही, कारण चौदाव्या वर्षीच तो दारातून आडवा होऊन आत येऊ लागला आणि शाळेच्या कोचची नजर त्याच्यावर पडली. बाप म्हणाला, "अंग मोडायचंच आहे, तर उन्हात मोड. निदान धूर तरी नाही."

आणि अंग मोडलंच. हाताची बोटं इतक्यांदा मोडली की करंगळी शेवटी बाजूच्या बोटाकडे पाठ फिरवूनच बसली. उजव्या गुडघ्यात दर रविवारी, सामन्याच्या सकाळी, दुखणं मारणारी सुई. वजन टिकवायचं म्हणून खायचं: सकाळी डझनभर अंडी, दुपारी पातेलंभर मॅकरोनी, आणि झोपण्याआधी आईच्या हातच्या, बटाटा भरलेल्या पिरोगी, भूक असो वा नसो. त्याची बायको डोरीन त्याला जेवताना बघायची नाही. म्हणायची, "हे जेवण नव्हे, हे बांधकाम आहे."

त्याच्या उजव्या खांद्याला खांदा लावून सेंटरच्या जागी खेळायचा ऑरन टिप्टन. अलाबामाचा, काळा, अंगाने रुंद आणि जिभेने तिखट. चेंडूवर वाकायचा, पायांमधून तो मागे द्यायचा आणि त्याच क्षणी समोरच्याच्या छातीत घुसायचा. सरावात लेस्टर जरा मागे पडला की ऑरन ओरडायचा, "ए होलुब, तुझ्या सासूची चाल तुझ्याहून चपळ आहे! तिलाच का आणत नाहीस?" प्रवासात दोघांची खोली एकच. ऑरन झोपण्यापूर्वी गुडघे टेकून प्रार्थना करायचा आणि शेवटी न चुकता म्हणायचा, "आणि देवा, या बोहेमियनचं घोरणं थांबव." लेस्टर उशी फेकायचा. "बोहेमियन नाही रे, स्लोव्हाक! किती वर्षं सांगायचं?"

सुट्टीच्या सोमवारी ऑरनची बायको लवर्न मासे तळायची, मक्याची भाकरी करायची, आणि लेस्टर आणि डोरीन त्यांच्याकडे जेवायला असायची. लवर्न शाळेत गणित शिकवायची. डोळ्याला डोळा भिडवून बोलायची. लेस्टरला तिचा थोडा धाकच वाटे.

तो सामना १९७९ च्या डिसेंबरातला. गिरणी बंद पडून दोन वर्षं झाली होती. लेस्टरचा बाप दिवसभर खिडकीशी बसून राहायचा. गावात अर्ध्या घरांना कुलपं, आणि उरलेल्यांना आठवड्यात एकच दिवस, रविवार. तो सामना जिंकला तर फोर्जर्स पहिल्यांदाच अंतिम फेरीत जाणार होते. मैदान गोठून दगड झालेलं. तिसऱ्या डावात समोरच्या एका आडदांड गड्याचा गुडघा ऑरनच्या शिरस्त्राणावर बसला. आवाज असा झाला, जणू कुणी रिकाम्या पिंपावर पहार मारली.

ऑरन पडला. मग स्वतःच उठला, कपडे झटकले आणि शांतपणे चालत जाऊन दुसऱ्या संघाच्या घोळक्यात उभा राहिला. तिथले गडी हसायला लागले. लेस्टरने त्याला जर्सीला धरून ओढून आणलं.

"ऑरन! अरे, इकडे."

"आई कुठाय?" ऑरन म्हणाला. अगदी साध्या आवाजात, घरात विचारावं तसं.

तेवढ्यात कडेवरून कोच स्ट्रॉड ओरडला, "टिप्टनला काय झालंय? होलुब, त्याला इकडे आण!"

कडेला डॉक्टर आला. शुद्धीवर आणणारी अमोनियाची पुडी नाकाशी फोडली. ऑरनचे डोळे उघडे होते, पण त्यांत कुणी नव्हतं. डॉक्टरने हात वर केला. "टिप्टन, किती बोटं?"

लेस्टर ऑरनला मागून सावरून उभा होता. त्याला दोन बोटं दिसली. सेंटरच्या जागी दुसरा होता तो पहिल्या वर्षाचा पोरगा, थंडीत चेंडू धड मागे देता येत नसलेला. समोर साठ हजार माणसं, त्यांतली निम्मी बेकार. आणि लेस्टरला एवढंच कळत होतं की ऑरन नसेल तर आपली उजवी बाजू उघडी पडेल. त्याने ऑरनच्या पाठीवर, कुणाला दिसणार नाही अशी, दोनदा बोटं आपटली.

चेंडू कितव्या आकड्याला मागे द्यायचा हे गोंगाटात ऐकू येत नसलं की लेस्टर असंच आपटून सांगायचा आणि ऑरन तो आकडा म्हणायचा. ऑरनचं अंग हे शिकलेलं होतं. "दोन," तो म्हणाला.

"आता?"

लेस्टरने तीनदा आपटली. "तीन."

"आता?"

एकदा. "एक."

"ठीक आहे हा," डॉक्टर म्हणाला आणि वहीत लिहून वळला. कोचने लेस्टरकडे पाहिलं. "होलुब? खेळेल का?"

"खेळेल, कोच."

ऑरन उरलेला सगळा सामना खेळला. आणखी बावीस वेळा त्याने डोकं समोरच्यावर आपटलं. फोर्जर्स जिंकले. गावात चर्चच्या घंटा वाजल्या, लेस्टरचा बाप खिडकीतून उठून रस्त्यावर आला आणि अनोळखी माणसाच्या गळ्यात पडून रडला. ऑरनला त्यातलं काही आठवलं नाही. दुसऱ्या दिवशी लवर्नने विचारलं, "अशा अवस्थेत त्याला पुन्हा आत पाठवला कुणी?"

"त्यानेच हट्ट धरला," लेस्टर म्हणाला. "ऐकतोय का तो कुणाचं?"

लवर्नला ते पटलं. नवऱ्याचा स्वभाव ती जाणून होती.

अंतिम सामना ते हरले. पुढे सहा वर्षं दोघं शेजारी शेजारी खेळत राहिले, मग गुडघ्यांनी लेस्टरला बाहेर काढलं आणि वर्षभरात ऑरनही सुटला. लेस्टर शाळेत पोरांना रेटायला शिकवू लागला. ऑरनने टायरचं दुकान काढलं. पन्नाशीत तो गिऱ्हाइकांची नावं विसरू लागला, मग गावातले रस्ते. एका ईस्टरला त्याने जेवणाच्या टेबलावरून उठून लवर्नच्या बहिणीवर हात उगारला, आणि नंतर कोपऱ्यात बसून लहान मुलासारखा रडला. साठीला पोचेपर्यंत त्याला घास भरवावा लागत होता. पावणेतीनशे पौंडांचा तो माणूस लवर्न एकटी उठवायची, न्हाऊ घालायची. लेस्टर दर मंगळवारी जायचा, ऑरनची दाढी करायचा, आणि घरी येऊन डोरीनशी बोलायचा नाही.

मग लीगने जुन्या खेळाडूंच्या मेंदूच्या दुखण्यांचे दावे ऐकायला एक समिती नेमली. दावा मान्य झाला तर ऑरनला चांगल्या ठिकाणी ठेवता आलं असतं, घरी नर्स आली असती. लवर्न लेस्टरकडे आली. तीही साठी ओलांडून गेली होती, मनगटाला पट्टा बांधलेला.

"लेस, तो सामना आठवतो ना? तू शेजारीच होतास. त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं, तरी पाठवलं, एवढंच सांग. जे पाहिलंस ते."

"सांगेन," लेस्टर म्हणाला. "सगळं सांगेन, लवर्न."

घरी डोरीनने विचारलं, "सगळं?" तिला ठाऊक होतं. तिसाव्या वर्षी कधीतरी दारूत त्याने ते ओकलं होतं.

"लागेल तेवढं."

कोलंबसला एका इमारतीच्या सातव्या मजल्यावर सुनावणी झाली. समितीचे तिघे, फोर्जर्सची वकीलबाई, आणि लवर्न आपल्या वकिलाशेजारी, चर्चला जायच्या निळ्या कोटात. लेस्टरने शपथ घेतली आणि सांगितलं: तो आवाज, दुसऱ्या संघाचा घोळका, "आई कुठाय?" लवर्नने तोंडावर रुमाल धरला. हे तिने कधी ऐकलं नव्हतं.

वकीलबाई उठली. आवाज गोड, घाई नाही. तिने एक जुना कागद पुढे केला. "मिस्टर होलुब, ही त्या दिवशीची डॉक्टरांची नोंद. तीन वेळा बोटं विचारली, तिन्ही उत्तरं बरोबर. ज्याला आपला संघ ओळखता येत नव्हता, त्याला बोटं कशी मोजता आली?"

लेस्टरने कागद पुढ्यात ओढला.

"की त्याला फारसं लागलंच नव्हतं? इतक्या वर्षांनी तुम्हाला ते जास्त वाटतंय, असं तर नाही?"

"लागलं होतं त्याला!" लेस्टर जवळजवळ ओरडला. "त्याला काही दिसत नव्हतं!"

"मग उत्तरं?"

त्याने लवर्नकडे पाहिलं. ती त्याच्याकडे आशेने बघत होती, वर्गात एखादा मंद मुलगा अखेर बरोबर उत्तराजवळ येतो तेव्हा बाईने बघावं तशी. नोंद खोटी ठरवायला आता एकच वाट उरली होती.

"मी सांगितली," तो म्हणाला. "मी मागे उभा होतो. त्याच्या पाठीवर बोटं आपटून सांगितली."

वकीलबाईने नोंदीचा कागद परत घेतला. मग म्हणाली, "म्हणजे क्लबच्या डॉक्टरांनी तपासणी केली होती. आणि तुम्ही त्यांना फसवलंत."

"डॉक्टरने त्याच्या डोळ्यांत बघायला हवं होतं..."

"तुम्ही त्यांना फसवलंत का, मिस्टर होलुब?"

"हो."

"आणि कोचनी तुम्हालाही विचारलं. तुम्ही काय म्हणालात?"

"खेळेल म्हणालो."

"आभारी आहे," ती म्हणाली आणि बसली.

बाहेर लिफ्टपाशी लेस्टर लवर्नच्या मागे धावला, म्हणजे त्या गुडघ्यांनी जितकं धावता येईल तितकं. "लवर्न, तो कागद खोटा पाडायचा होता, म्हणून मी..."

ती वळली. "त्यानेच हट्ट धरला, म्हणाला होतास." तिचा आवाज अगदी खाली होता. "पस्तीस वर्षं मी त्या माणसावर चिडत आले, लेस. त्याला न्हाऊ घालताना, त्याची घाण काढताना. मनात म्हणायचे, तूच केलंस हे, तुझ्या हट्टाने केलंस. त्याला तोंड उघडून नाही म्हणता येत नव्हतं. आणि तू दर मंगळवारी येऊन माझ्या हातची कॉफी प्यायचास."

लिफ्ट आली. तिने त्याला आत येऊ दिलं नाही.

सात आठवड्यांनी निकाल आला. दुखापत झाली असावी. परंतु क्लबने त्या काळच्या रीतीप्रमाणे तपासणी केली होती, आणि सहखेळाडूंनी संगनमताने ती निष्फळ केली. सबब दावा नामंजूर. 'सहखेळाडूंनी.' म्हणजे संगनमतात ऑरनही धरला होता.

ऑरनला सरकारी शुश्रूषागृहात ठेवावं लागलं. पहिल्याच मंगळवारी लेस्टर वस्तरा आणि साबण घेऊन गेला. दारावरच्या बाईने यादी पाहिली आणि ओशाळून म्हणाली, "तुमचं नाव भेटायला सोडू नये अशांच्या यादीत आहे. मिसेस टिप्टननी लिहून दिलंय." त्या यादीत एकच नाव होतं.

त्याच उन्हाळ्यात क्लबचं पत्र आलं. मैदानाच्या भिंतीवर जुन्या थोर खेळाडूंची नावं कोरलेली होती, आणि यंदा लेस्टर होलुबचं नाव घालायचं ठरलं होतं. गार्डचं नाव त्या भिंतीवर आजवर गेलं नव्हतं. लेस्टरने पत्र दोनदा वाचलं आणि वाकड्या बोटांनी उत्तर लिहिलं: मला नको. क्लबने नाव तरीही घातलं. समारंभाला तो गेला नाही, पण वर्तमानपत्रात भिंतीचा फोटो आला.

लवर्न त्याला बाजारात भेटली, बटाट्यांपाशी.

"अभिनंदन," ती म्हणाली. "भिंतीवर चढलास म्हणे."

"मी नको म्हणालो होतो, लवर्न. शप्पथ. त्यांनी विचारलंच नाही."

"असं होतं खरं," ती म्हणाली, आणि बटाटे न घेताच पुढे गेली.

ऑरन फेब्रुवारीत गेला. बॅप्टिस्ट चर्चमध्ये लेस्टर शेवटच्या बाकावर बसला, डोरीन शेजारी. पेटी मोठी होती. आठ माणसं ठरवली होती, पण ऑरनचा एक चुलतभाऊ बर्फामुळे अलाबामाहून पोचू शकला नाही. पाद्रीने मागे पाहिलं, शेवटच्या बाकापाशी उभा असलेला तो अगडबंब म्हातारा त्याला दिसला, आणि त्याने हाताने खूण केली, या.

लेस्टर दोन पावलं पुढे आला. डावीकडची मधली एक जागा मोकळी होती.

लवर्न पहिल्या रांगेतून उठली. पाद्रीकडे बघून तिने नकारार्थी मान हलवली. पाद्रीचा हात खाली आला.

सात जणांनीच पेटी उचलली. पायऱ्यांवर बर्फ होता, आणि डाव्या बाजूने ती इतकी कलली की बघणाऱ्या बायकांनी डोळे मिटले. कशीबशी खाली गेली. लेस्टर हात तसेच पुढे धरून उभा होता, आणि मागून डोरीन त्याच्या कोटाला धरून म्हणत होती, "चल, लेस. लोक बघतायत. घरी चल."