सहा फुटी कुंपण

शेजारच्या ऑरेन पिकेटनं छर्‍याची बंदूक चालवली तेव्हा बँजोच्या तोंडात तिसरी कोंबडी होती. आधीच्या दोन गवतात पडल्या होत्या, त्यातल्या एकीला डोकं नव्हतं. व्हर्ना स्टूकल अनवाणीच कुंपण ओलांडून धावली आणि कुत्रा आणि बंदूक यांच्या मधे जाऊन उभी राहिली. ऑरेननं बंदूक खाली केली नाही.

"आज छर्रे आहेत," तो म्हणाला. "पुढच्या वेळी आतून दुसरी, गोळीची बंदूक आणीन. मग मधे येऊ नकोस, व्हर्ना. सांगून ठेवतोय."

त्या संध्याकाळी तिनं बँजोला स्वयंपाकघराच्या फरशीवर गुडघ्याखाली दाबून धरलं आणि त्याच्या मांडीतून चिमट्यानं सात छर्रे काढले. आठवा खोल गेला होता, तो आत राहिला. कुत्रा शिकारी जातीचा, लांब कानांचा, तीन वर्षांचा. तो तिच्या भावाचा, जीनचा. जीनला माणसं ओळखू येईनाशी झाली आणि त्याला वृद्धाश्रमात ठेवावं लागलं, तेव्हा बँजो तिच्याकडे आला. दिवसातून तासभर जीव तोडून धावला नाही तर तो वेडापिसा व्हायचा, दार खायचा, साखळी ओढून गळा सोलून घ्यायचा. प्लम फोर्क गावात कुत्रा मोकळा सोडायला बंदी. घर भाड्याचं, आणि मालक उंच कुंपण घालू देत नव्हता.

व्हर्ना सत्तावन्न वर्षांची, अंगानं दणकट. बावीस वर्षं शाळेची बस चालवत होती. सकाळची फेरी आणि दुपारची फेरी यांच्या मधे तिला चार तास मोकळे असत. तिनं वाचनालयात बसून आसपासच्या गावांची यादी केली. कुंपण असलेली, कुत्रा मोकळा सोडता येईल अशी आणि फुकटची मैदानं चाळीस मैलांत तीन निघाली.

पहिलं धान्याच्या कोठारांजवळ होतं. त्याची जाळी कमरेएवढी. बँजोनं ती पाहिली, दोन पावलं मागे आला आणि उडी मारून थेट हमरस्त्यावर उतरला. मक्याचा ट्रक कचकन ब्रेक मारत त्याच्या बाजूनं गेला, कुत्रा भिरभिरत खड्ड्यात पडला, कान फाटला. ट्रकवाला उतरला आणि व्हर्नाला अशा शिव्या घातल्या की तिला परत जाताना गाडी दोनदा थांबवावी लागली. दुसर्‍या ठिकाणी कुंपण उंच होतं, पण कोपर्‍यातल्या गवतात जुनी काटेरी तार तशीच पडलेली होती. सशामागे धावताना बँजोची छाती तिच्यात अडकली. जनावरांच्या डॉक्टरनं नऊ टाके घातले आणि व्हर्नाला विचारलं, हा कुत्रा तू पाळतेस की मारायला काढलायस?

तिसरं मैदान व्हेसेला गावात होतं, अग्निशमन बंबांच्या ठाण्यामागे. पूर्वी तिथं बेसबॉल खेळत. सहा फुटी जाळी, खाली सिमेंट, आणि एकामागोमाग दोन फाटकं, म्हणजे एक उघडताना दुसरं बंदच. घाण उचलायचं फावडं फाटकापाशी खिळ्याला टांगलेलं. व्हर्ना पहिल्या दिवशी सगळ्या कुंपणाला हात लावत फिरली, एकेक खांब हलवून पाहिला, मगच तिनं साखळी सोडली. बँजो सुटला तो पार पलीकडच्या टोकाला जाऊन परत, पुन्हा पलीकडे, कान मागे, पोट जमिनीला. व्हर्ना बाकावर बसली. किती दिवसांनी ती नुसती बसली होती.

बाकावर एक म्हातारा आधीच होता. एमिल ह्रुस्का, वय एक्याऐंशी, चाळीस वर्षं गावचा खाटीक. पायाशी त्याचा पेपिक, राठ केसांचा पांढरा, मांजराएवढा कुत्रा.

"हा तुझा पळतोय," एमिल म्हणाला, "की माझ्या सासूला पाहिलंय त्यानं?"

मग दर मंगळवारी आणि गुरुवारी दोघं भेटू लागली. एमिल कागदी पिशवीतून कोलाचे, म्हणजे आलुबुखार भरलेले गोड पाव आणायचा आणि एक व्हर्नाला देताना दर वेळी सांगायचा की ते त्याच्या बायकोच्या हातच्यासारखे नाहीत, बेकरीवाली पिठात कंजुषी करते. बायकोला जाऊन सहा वर्षं झाली होती. तिच्यानंतर पेपिकच त्याच्या पलंगावर झोपत होता. व्हर्ना फार बोलणारी नव्हती, पण जीनबद्दल ती त्याला सांगायची. भाऊ आता मला नर्स समजतो, म्हणाली एकदा. एमिलनं मान हलवली आणि तिला दुसरा कोलाच दिला.

ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी, दहाच्या सुमाराला, कोल्टन राइमर आला. गुरं पोसून विकतात त्या गोठ्यावर कामाला असलेला पंचविशीतला पोरगा. त्याच्या हातात लोखंडी साखळी आणि साखळीला पट्ट्यापट्ट्यांचा, रुंद जबड्याचा कुत्रा, डीझल. डीझल पहिल्या फाटकातच ताठ झाला. भुंकला नाही, गुरगुरला नाही, नुसता पेपिककडे पाहत राहिला. व्हर्नाला ते दिसलं. तिनं हात वर करून सांगितलं, थांब जरा, आम्ही आमचे बांधतो. कोल्टन हसला. त्याला खेळायचंय, म्हणाला, आणि दुसरं फाटक उघडून साखळी काढली.

डीझल सरळ रेषेत आला. पेपिकला वळायलाही वेळ मिळाला नाही. त्याला पाठीच्या मधोमध धरून डीझलनं उचललं आणि झटकलं, ओलं पोतं झटकावं तसं, एकदा, दोनदा. पेपिक एकदाच ओरडला. तो आवाज माणसाच्या लेकरासारखा होता. एमिल बाकावरून उठला तो अडखळून गुडघ्यांवर पडला आणि तसाच रांगत गेला. त्यानं दोन्ही हात डीझलच्या जबड्यात घातले. आयुष्यभर जनावरांची हाडं मोडलेले ते हात, पण आता एक्याऐंशी वर्षांचे. जबडा क्षणभर उघडला आणि त्याच्या बोटांवर मिटला. रक्त म्हातार्‍याच्या पांढर्‍या बाह्यांवर उडालं.

व्हर्नानं डीझलचे मागचे दोन्ही पाय धरून वर उचलले. तो सोडेना. मग ती त्याच्या पाठीवर बसली, गळपट्ट्यात मूठ घातली आणि पिळली. पुन्हा पिळली. पट्ट्याचं कातडं तिच्या बोटांत रुतलं, कुत्र्याची मान तिच्या मांड्यांमधे फुगत गेली, त्याच्या तोंडातून लाल फेस यायला लागला. ती मनात आकडे मोजत होती, का ते तिलाच ठाऊक नव्हतं. बत्तीसला जबडा सुटला. एमिलनं हात ओढून घेतले. पेपिक खाली पडला आणि पडला तसाच राहिला. त्याची पाठ नको तिथं वळली होती.

सोडायला हवं होतं तेव्हा तिनं पट्टा लगेच सोडला नाही. तेवढ्यात पाठीत पहिला फटका बसला.

"मेला तो, ए म्हातारे, सोड त्याला," कोल्टन ओरडत होता. साखळीचा दुसरा फटका तिच्या गालावर आला आणि कानापासून ओठापर्यंत कातडी उघडली. तोंडात दाताचा तुकडा आला. ती बाजूला कोसळली. डीझल खोकत, लडखडत उठला आणि कुंपणापाशी जाऊन ओकला. तो जिवंत होता, ते कोल्टनला दिसलं असणार, तरी त्यानं तिसर्‍यांदा साखळी फिरवली. ती व्हर्नाच्या खांद्यावर आदळली. पोराचा चेहरा पांढराफटक होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तो मारत होता.

ती फाटकाकडे रांगली, खिळ्यावरचं फावडं ओढलं आणि उठतानाच त्याच्या गुडघ्यावर हाणलं. कोल्टन मोडून खाली बसला. साखळी त्याच्या हातातून लांब गेली. त्यानं उजवा हात डोक्यावर धरला.

"बस," तो म्हणाला. "झालं. बस."

व्हर्नाला ते स्पष्ट ऐकू आलं. तिनं फावडं पुन्हा वर उचललं, नीट नेम धरला आणि त्या हातावर मारलं. हाड मोडल्याचा आवाज वाळकी फांदी मोडावी तसा आला. तिच्या सगळ्या अंगात काहीतरी गोड, ऊबदार पसरलं. मग तिनं फावडं टाकलं आणि बँजोला शोधलं. तो बाकाखाली अंग चोरून बसला होता, खाली ओलं झालं होतं. तो एकदाही बाहेर आला नव्हता.

बंबवाले आवाज ऐकून धावत आले. कौंटीच्या शेरीफची माणसंही आली, त्यांत मार्लिस डूर्क होती. मार्लिस लहानपणी व्हर्नाच्याच बसमधून शाळेत जायची, अजून तिला मिस व्हर्ना म्हणायची. गालावर फडकं दाबून बसलेल्या व्हर्नाला तिनं काय झालं ते विचारलं. व्हर्नानं साखळीचं सांगितलं, फावड्याचंही सांगितलं. किती वेळा मारलं, ते सांगितलं नाही. स्ट्रेचरवरून एमिल म्हणाला, पोरगा पुन्हा साखळी उचलत होता, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मार्लिसनं ते लिहून घेतलं.

एमिलची दोन बोटं गेली. चौथ्या दिवशी व्हर्ना त्याला भेटायला इस्पितळात गेली तेव्हा तिच्या गालावर सोळा टाके होते आणि तिला एका बाजूनंच बोलता येत होतं. पेपिकला बंबवाल्यांनी एमिलच्या अंगणात पुरलं होतं, एवढं तिनं सांगितलं.

"तो साखळी उचलत नव्हता," मग ती म्हणाली.

"मला माहीत आहे."

"मग का सांगितलंत?"

एमिलनं बांधलेला हात पाहिला. "चाळीस वर्षं मी मारायचं काम केलं, पोरी. एकदाही मजा वाटली नाही. त्या दिवशी तू त्याचा हात मोडलास, तेव्हा मला बरं वाटलं. खाली पडल्या पडल्या बरं वाटलं. म्हणून खोटं बोललो. वाटलं होतं, ते बरं वाटणं तरी माझ्याजवळ राहील." तो थांबला. "दोन दिवसही नाही राहिलं."

"मलाही वाटलं होतं," व्हर्ना म्हणाली. "बरं."

ती तिथून सरळ शेरीफच्या कचेरीत गेली. मार्लिस ऐकत होती आणि मधेच म्हणाली, मिस व्हर्ना, तुम्हाला कुणी विचारलेलं नाही, तुमचा चेहरा बघून कुठलाही पंच तुम्हाला दोष देणार नाही. व्हर्ना म्हणाली, तो बस म्हणाला होता आणि मी ऐकलं होतं, ते लिही. मार्लिसनं पेन उचललं.

त्याचे परिणाम झाले. कोल्टनवर गुन्हा लागला, तसा तिच्यावरही लागला, तिचा हलका. न्यायाधीशानं दोघांना एकाच सकाळी उभं केलं. व्हर्नाला वर्षभर कोर्टाच्या देखरेखीखाली राहायची शिक्षा मिळाली, तुरुंग नाही. पण शाळेनं तिची बस काढून घेतली. मारहाणीचा ठपका असलेल्या माणसाकडे मुलं देता येत नाहीत, असं त्यांनी पत्रात सभ्यपणे लिहिलं होतं. बावीस वर्षांनी तिनं किल्ल्या टेबलावर ठेवल्या. आता ती रात्रपाळीला अंडी भरायच्या कारखान्यात जाते. डीझलला कौंटीच्या हुकमानं मरणाची सुई देण्यात आली. कोल्टननं त्याचं डोकं प्लास्टर घातलेल्या हातानं मांडीवर धरून ठेवलं होतं, असं मार्लिसनं सांगितलं.

निकालानंतर कोर्टाच्या पायर्‍यांवर कोल्टन तिच्यासमोर आला होता. तिला वाटलं, थुंकेल. त्यानं उजव्या हाताची बोटं तिच्या तोंडासमोर धरली आणि वळवायचा प्रयत्न केला. ती अर्धीच वळली.

"एवढीच वळतात," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणतात, एवढंच होणार."

मला माफ कर, असं व्हर्ना म्हणाली. ते खरं होतं, पण पुरेसं नव्हतं, आणि दोघांनाही ते कळलं. तो लंगडत गाडीकडे गेला.

व्हेसेलाच्या पंचायतीनं मैदानाला कुलूप घातलं. ऑरेनच्या कोंबड्या होत्या तिथंच होत्या आणि बँजोला धावायचंच होतं. व्हर्नानं यादी पुन्हा काढली, या वेळी सत्तर मैलांपर्यंत. धरणाजवळच्या एका वस्तीत एक मैदान सापडलं. फुकट, उंच जाळीचं, झाडाविना. एमिल बरोबर येऊ लागला, पण तो आत पाऊल ठेवत नाही. गाडीच्या काचेमागे बसून राहतो, मांडीवर तीन बोटांचा हात आणि कोलाचेंची पिशवी.

दुसरं कुणी आलं की व्हर्ना बँजोला साखळी लावून बाहेर येते. परवा एक बाई दोन जाडजूड, आनंदी कुत्रे घेऊन आली. ती फाटकातून म्हणाली, अहो राहा ना, माझे कुणाला काही करत नाहीत. व्हर्नानं बँजोची साखळी मनगटाला गुंडाळून घेतली. तुमचं होऊ द्या, ती म्हणाली, आम्हाला घाई नाही. मग ती गाडीत येऊन बसली, बँजो मागच्या सीटवर कण्हत राहिला, एमिलनं पिशवीचं तोंड उघडलं, आणि ती दोघं बाईचं आटोपायची वाट पाहत बसली.