खूण तिकडे, अर्थ इकडे

मी एक जुनी सेटिंगची फाइल आहे. मित्रांनो, माझ्यासारखीचे नाव कुणी विचारत नाही. राहते कुठे, हेही विचारत नाही. त्याचाच मला राग आहे.

माझा जन्म तैपेईतल्या एका लहान कंपनीत झाला. ती ईमेल वाचायचे सॉफ्टवेअर बनवते. याओ पेइ-च्येन नावाच्या मुलीने मला लिहिले. मेलला खूण लावली की सर्व्हरवर नुसते 'ख७' साठते. ख७ म्हणजे काय आणि ते कुठल्या रंगात दाखवायचे, हे मी सांगायचे. मला ठेवायचे कुठे, ते मालक थू ख-वेई यांनी जेवणाचा डबा खाता खाता ठरवले. "ज्याच्या त्याच्या कॉम्प्युटरवर. सोपं पडतं."

सोपे कुणाला? विचारले कुणी नाही.

मी कीलुंग बंदरावर परदेशी खलाशांना मदत करणाऱ्या संस्थेत आले. तिथल्या प्रमुख लो शू-अ ताई. त्यांनी ख७ला नाव दिले 'जीव धोक्यात' आणि रंग दिला लाल. ताई मेल वाचून खूण लावत आणि त्यांची सहकारी च्यांग यू-थिंग लाल पट्टी दिसताच तटरक्षकांना फोन करी. माझी एक प्रत ताईंच्या कॉम्प्युटरवर होती, मी यू-थिंगच्या कॉम्प्युटरवर होते. किती माणसे त्या पट्टीमुळे वेळेवर किनाऱ्याला लागली! ताई सॉफ्टवेअरचे कौतुक करत, तेव्हा मलाही बरे वाटे.

मग यू-थिंगला नवा कॉम्प्युटर मिळाला. मेल गेले, खुणाही गेल्या. मी मात्र जुन्या कॉम्प्युटरातच, अडगळीच्या खोलीत.

त्याच आठवड्यात वार्नो या इंडोनेशियन खलाशाचा मेल आला. जाळे ओढताना त्याचा उजवा हात यंत्रात चिरडला होता आणि कप्तान बोट वळवायला तयार नव्हता. ताईंनी मेलला खूण लावली आणि त्या काओश्युंगला बैठकीला गेल्या. चार दिवसांनी परत आल्या, तेव्हा मेल तसाच पडून होता.

"लाल खूण लावून गेले होते मी! डोळे कुठे होते तुझे?"

"ताई, शपथ घेते, माझ्याकडे लाल काही नव्हतंच. करड्या रंगात काहीतरी ख७ होतं. मला वाटलं, कॉम्प्युटरचीच काही भानगड असेल."

वार्नोला किनाऱ्यावर आणले, तोवर जखम सडली होती. तीन बोटे कापावी लागली.

अडगळीतला जुना कॉम्प्युटर सुरू केला, तर त्यावर तोच मेल लाल दिसला. ताई तो मांडीवर घेऊन बसने तैपेईला गेल्या. तो त्यांनी थू साहेबांच्या टेबलावर आदळला.

"अहो, बॅकअप घ्यायचा असतो ना," साहेब म्हणाले.

"कशाचा? अशी काही वस्तू आहे, हे तरी तुम्ही सांगितलं होतं का?"

पेइ-च्येनने मला उघडून वाचले. 'जीव धोक्यात' या शब्दांवर तिची नजर थांबली. "साहेब, हिला मेलबरोबर सर्व्हरवरच ठेवायला हवं."

"आणि ज्याला लाल नको, निळा हवा, त्याचं काय?"

"रंग ज्याचा त्याने निवडावा. अर्थ मात्र मेलपासून तोडायचा नाही."

"सगळे सर्व्हर असलं काही ठेवून घेत नाहीत, बाई!"

"मग पडद्यावर तसं ठळक सांगू. गप्प बसायचं नाही."

"कामाचे महिने वाया जातील."

"वाया?" ताई उभ्या राहिल्या. "चला दवाखान्यात. हे वाक्य वार्नोसमोर म्हणून दाखवा."

साहेबांनी पेइ-च्येनला होकार दिला. काम सुरू झाले. आता मी मेलच्या पेटीतच राहते, आणि संस्थेतला कुठलाही कॉम्प्युटर मला तिथूनच वाचतो.

पण माझा राग गेलेला नाही. नव्या आवृत्तीच्या जाहिरातीत साहेबांनी लिहिले, 'ग्राहकांसाठी खास नवी सोय!' पेइ-च्येन म्हणाली, "सोय नका म्हणू, साहेब. चूक दुरुस्त केली म्हणा." साहेब हसले. जाहिरात तशीच गेली.

मित्रांनो, उद्या तुम्हीही काही बनवाल. एखादी गोष्ट कुठे ठेवायची ते ठरवताना तुमचा हात कुठे पोहोचतो, एवढेच पाहू नका. ज्याला ती ऐन वेळी लागणार आहे, त्याला ती सापडेल का, ते आधी विचारा. आणि चुकलात, तर त्याला सोय म्हणू नका. वार्नो आता डाव्या हाताने बटणे लावायला शिकतो आहे.