चिठ्ठीतला बाप

कौशल्याबाई साळवे चौथीपर्यंत शिकलेल्या, पण पवित्र शास्त्रातली एखादी गोष्ट आपल्याला कळली नाही, असं त्यांनी जन्मात कबूल केलं नव्हतं. बडोद्याच्या सुभानपुऱ्यातल्या घरात रोज सकाळी मराठी शास्त्र मांडीवर घेऊन, ओळीखाली बोट धरून त्या वाचत, आणि बोट जिथे थांबे तिथे त्यांचं मत सुरू होई. चर्चची मंडळी मात्र गुजराती. त्यांच्या चर्चमध्ये मराठी घरं म्हणाल तर तीन. म्हणून रविवारी गुजरातीत प्रार्थना करायची आणि घरी येऊन मराठीत तिच्या चुका काढायच्या, असा त्यांचा चाळीस वर्षांचा शिरस्ता होता.

बुधवारी संध्याकाळी शास्त्राभ्यास असे. त्या बुधवारी येशूच्या लहानपणाची गोष्ट निघाली. बारा वर्षांचा येशू आईबापांबरोबर सणाला यरुशलेमेला जातो, परतीला सगळे निघतात आणि हा कोणाला न सांगता मागेच राहतो. आईबाप दिवसभराची वाट चालून गेल्यावर बघतात तर पोरगा नाही. पुन्हा उलटे फिरतात. तिसऱ्या दिवशी सापडतो तो मंदिरात, शास्त्री लोकांच्या घोळक्यात प्रश्न विचारत बसलेला. तुझा बाप आणि मी शोधत फिरलो म्हणून आई रागावते तर हा वर तिलाच विचारतो, मला शोधत कशाला फिरलात, मी माझ्या पित्याच्या घरी असणार हे ठाऊक नव्हतं का?

पाळकसाहेब म्हणाले, पोराने आपण कोणाचे हे पहिल्यांदा आपल्या तोंडाने सांगितलं ते इथे. बाकी सगळी प्रस्तावना. मुलांची शब्बाथ शाळा घेणाऱ्या नयनाबेनचं म्हणणं वेगळं. लेकरं आपली नसतात, देवाने सांभाळायला दिलेली असतात, हे त्या आईला त्या दिवशी कळलं, असं ती म्हणाली. नयनाबेनला स्वतःला अजून लेकरू नव्हतं, तेव्हा तिला असं बोलणं सोपं होतं, हे कौशल्याबाईंनी शेजारणीच्या कानात सांगितलं.

मग मानसिंगराव बोलले. वय ऐंशीच्या पुढे, डावा कान गेलेला, रेल्वेतून निवृत्त. ते म्हणाले, त्या काळी यात्रेत बायका बायकांबरोबर चालायच्या, पुरुष पुरुषांबरोबर. मरियेला वाटलं पोरगा योसेफाबरोबर आहे. योसेफाला वाटलं मरियेबरोबर आहे. दोघांनी एकमेकांना एकदा विचारलं असतं तर पहिल्या वेशीवरच कळलं असतं. एवढं बोलून म्हाताऱ्याने कौशल्याबाईंकडे पाहिलं आणि चष्मा पुसायला घेतला.

ते पाहणं त्यांना झोंबलं. कारण अख्ख्या मंडळीला माहीत होतं. कौशल्याबाईंची मुलगी पूर्णिमा बडोद्याला इस्पितळात नर्स, आणि तिचा नवरा अनुज करजणला. पंपांच्या जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून देण्याचं त्याचं दुकान. तीन वर्षांपूर्वी नाताळच्या जेवणावर, दहा पाहुण्यांसमोर, कौशल्याबाई म्हणाल्या होत्या, की आमचे जावई लोकांच्या मोटारी गुंडाळतात आणि स्वतःचा संसार उलगडून ठेवतात. पाहुणे हसले. अनुजने हातातला घास ताटात ठेवला, हात धुतले आणि म्हणाला, आता आई बोलावतील तेव्हाच येईन. आईंनी बोलावलं नाही. पूर्णिमाची नोकरी आणि मुलगी भक्तीची शाळा बडोद्यात, म्हणून मायलेकी इथेच राहिल्या. महिन्यातून एकदा त्या दोघी एसटी डेपोवर अनुजला भेटत आणि घरी येऊन बाजारात गेलो होतो असं सांगत. कौशल्याबाईही बाजारातून काय आणलं ते विचारत नसत. घरात त्याचं नाव निघे ते फक्त त्यांच्या तोंडून, आणि तेही नाव नव्हे. भक्तीने दूध सांडलं की तुझा बाप असाच. भक्तीने उलट उत्तर दिलं की गेलीस बापावर.

तर मानसिंगरावांना उत्तर देणं भाग होतं. कौशल्याबाई पदर सावरून म्हणाल्या, "दोष आईचाही नाही आणि बापाचाही नाही. देवाचं लेकरू होतं, कबूल. पण देवाच्या लेकरानेही जाताना सांगून जावं. तोंड उघडत नसेल तर चिठ्ठी ठेवावी."

सगळे हसले. मागे चटईवर बसलेली बारा वर्षांची भक्ती तेवढी हसली नाही. नयनाबेनने याच गोष्टीचं नाटक बसवायला घेतलं होतं आणि मुलांपैकी कोणाचीच वाक्यं पाठ होत नव्हती, म्हणून येशूचं काम भक्तीकडे आलं होतं. आजी काय म्हणाली ते तिने नीट ऐकून घेतलं.

शनिवारी अकराच्या सुमाराला कौशल्याबाई भाजी घेऊन आल्या तर दाराला बाहेरून कडी. आत हाक मारली, ओ आली नाही. चहाच्या डब्याखाली वहीचा कागद होता, गुजराती अक्षरात. भक्ती गुजराती शाळेत जाई, तिचा हात त्याच अक्षरांवर बसलेला. कौशल्याबाईंनी दुकानांच्या पाट्यांवरून शिकलेली गुजराती लावली आणि बोट धरून वाचलं. हुं बापना घेर छुं. शोधशो नहीं.

मी बापाच्या घरी आहे. शोधू नका.

त्या तिथेच, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, भाजीची पिशवी धरून बसल्या. त्यांना लागलं ते पोरगी गेली याहीपेक्षा त्या शब्दाने. भक्ती अनुजला पप्पा म्हणे. बाप हा शब्द तिचा नव्हता. तो आजीचा होता, रोज तिच्या अंगावर फेकलेला. पोरीने तो उचलला होता आणि त्याच शब्दावर बोट ठेवून निघून गेली होती. आदल्या दिवशीच डाळ करपली म्हणून त्यांनी तिला म्हटलं होतं, जा मग बापाच्या घरी, तिथे कोणी बोलणार नाही. म्हटलं होतं आणि विसरल्या होत्या.

पूर्णिमा ड्युटीवर, तिचा फोन दोनपर्यंत कपाटात. अनुजचा नंबर कौशल्याबाईंच्या फोनमध्ये नव्हता. तीन वर्षांपूर्वी त्यांनीच हट्टाने पुसायला लावला होता. आता पूर्णिमाला काय सांगायचं, तुझी मुलगी मी घालवली? त्यांनी पायात चपला सरकवल्या, चिठ्ठी कमरेला खोचली, रिक्षाने डेपो गाठला आणि करजणची बस धरली. खिडकीशी बसून तासभर त्या काय बोलायचं ते जुळवत राहिल्या. पहिल्यांदा जुळलं ते भांडण होतं. अर्ध्या वाटेवर त्यातले वाईट शब्द गळले. करजण आलं तेव्हा, पोरीला परत द्या, एवढंच शिल्लक होतं.

दार अनुजच्या आईने, इंदिराबाईंनी उघडलं. विहिणीला पाहून त्या बाजूला झाल्या, बसा म्हणाल्या आणि पाण्याचा तांब्या आणला. या घरचं पाणी पिणार नाही असं कौशल्याबाईंनी चारचौघांत सांगितलेलं. त्या तांब्याकडे बघत राहिल्या आणि मग उभ्या उभ्या सगळा पिऊन टाकला. तोवर शेजारच्या दुकानातून अनुज हात पुसत आला.

"भक्तीला बाहेर बोलवा," कौशल्याबाई म्हणाल्या. "मी तिला नेणार नाही. तिने नाही म्हटलं तर एकटी जाईन. एकदा फक्त बघू द्या."

अनुजचे पुसते हात थांबले. "भक्ती इथे नाहीये, आई."

त्याच्या तोंडाकडे बघून कौशल्याबाईंना कळलं, की माणूस खोटं बोलत नाही. आतापर्यंत नात रुसून गेली एवढंच दुःख होतं. आता नात कुठे आहे हेच माहीत नव्हतं. सकाळपासून त्यांना वाटत होतं ती त्याच्याकडे आहे. तो सकाळपासून धरून बसला होता की ती त्यांच्याकडे आहे. मानसिंगरावांनी चष्मा पुसता पुसता काय सांगितलं होतं ते त्यांना आठवलं. त्यांनी घाईघाईने चिठ्ठीचं सांगितलं.

अनुजने मोटारसायकल काढली. सासूच्या डोक्यावर आपलं हेल्मेट बसवलं, पट्टा लावला, पदर चाकात जाईल म्हणून तो कमरेत खोचायला सांगितला. अडुसष्टाव्या वर्षी कौशल्याबाई एका बाजूला पाय सोडून हायवेवर निघाल्या. जावयाचा खांदा धरायचा की नाही याचा विचार त्यांनी पहिल्या गतिरोधकापर्यंत केला. पुढे केला नाही. मागून त्या देवाशी बोलत होत्या. देवाला त्यांनी कबूल केलं, की जीभ माझी, चूक माझी, पोरीला यात ओढू नकोस.

वाटेत पेट्रोल भरायला गाडी थांबली. अनुजने चिठ्ठी मागितली. एकदा वाचली, पुन्हा वाचली.

"ही गुजरातीत का लिहिली? तुमच्याशी तर ती मराठीत बोलते."

"तिला आता दुसरं सुचतंय कुठे? आठवडाभर घरात तीच बडबड. नाटकातली वाक्यं पाठ करते."

"कसलं नाटक?"

"ते बारा वर्षांचा येशू हरवतो ते. येशू झालीये ती."

अनुज तिथल्या कट्ट्यावर मटकन बसला. चिठ्ठी गुडघ्यावर ठेवली आणि तोंडावरून दोन्ही हात फिरवले. कौशल्याबाईंना वाटलं, याला भोवळ आली. पण तो हसत होता, आणि डोळेही पुसत होता.

"आई," तो म्हणाला, "यातला बाप मी नाही."

त्यांना कळेना.

"आपल्या मराठी शास्त्रात पिता म्हणतात. गुजराती देवळात, तुमच्या चर्चमध्ये, काय म्हणतात? प्रार्थनेच्या शेवटी कोणाच्या नावाने आमेन करता दर रविवारी?"

कौशल्याबाईंचे ओठ हलले. बाप, दीकरो अने पवित्र आत्मा. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. चाळीस वर्षं त्या हे म्हणत आल्या होत्या. मराठीत जो शब्द त्या जावयाला शिवी दिल्यासारखा वापरत, तोच गुजरातीत आकाशातल्या देवाला हात जोडून. एकाच तोंडातून दोन्ही, आणि दोन्हींची गाठ त्यांनी कधी पडू दिली नव्हती.

"म्हणजे पोरगी देवळात आहे," त्या म्हणाल्या. हेल्मेट अजून डोक्यावर होतं, त्यामुळे आवाज घुमल्यासारखा आला. "चला मग, बसलात काय?"

चर्चच्या हॉलमध्ये तालीम चालू होती. संध्याकाळी तिथे कोणाचा साखरपुडा होता, म्हणून संध्याकाळची तालीम आधीच घ्यायला नयनाबेन सकाळीच स्कूटरवरून भक्तीला घेऊन आली होती. पाच-सहा पोरं कापसाच्या दाढ्या लावून गोल बसलेली. मधोमध भक्ती, डोक्याला पट्ट्यापट्ट्यांचा टॉवेल बांधून. कोपऱ्यातल्या खुर्चीवर मानसिंगराव, पोरांचे उच्चार तपासायला.

कौशल्याबाई दारात उभ्या राहिल्या. बसमध्ये जुळवलेलं काही आठवेना. तोंडातून निघालं ते निघालं.

"बाळा, असं का केलंस? तुझा बाप आणि मी, दोघं तुला शोधत फिरतोय गं, जिवाचं पाणी करून."

भक्तीने आजीकडे पाहिलं, मग आजीच्या मागे उभ्या असलेल्या पप्पांकडे. तीन वर्षांत ही दोघं तिने एका चौकटीत पाहिली नव्हती. पण आठवडाभराची पाठ केलेली वाक्यं तिच्या जिभेवर तयार होती आणि समोरून मरियेचं वाक्य आलेलं.

"मने शा माटे शोधतां हतां?" ती म्हणाली, मला शोधत कशाला फिरलात, हे येशूचं वाक्य. मग टॉवेल घसरला आणि तिचं तिलाच कळलं. "अगं आजी, पण मी चिठ्ठी ठेवली होती ना. येशूने ठेवली नव्हती, मी ठेवली. तूच बुधवारी म्हणालीस."

कौशल्याबाईंनी पुढे होऊन तिला छातीशी धरलं. हेल्मेटची कड पोरीच्या कपाळाला लागली, तेव्हा कुठे ते डोक्यावर आहे हे त्यांच्या ध्यानात आलं. अनुजने पट्टा सोडवला. नयनाबेन म्हणाली, मरियेचं काम करणाऱ्या मुलीला जे आठवडाभर जमत नाही ते कौशल्यामासीने एका झटक्यात केलं. कौशल्याबाई म्हणाल्या, तिला म्हणावं आधी लेकरू हरवून बघ. हे जरा जास्त झालं असं त्यांना वाटलं, म्हणून त्यांनी नयनाबेनच्या पाठीवर हात ठेवला.

मग त्या मानसिंगरावांच्या उजव्या कानाशी वाकल्या.

"तुमचं अर्धं बरोबर होतं."

"आणि उरलेलं अर्धं?" म्हाताऱ्याने विचारलं.

"चिठ्ठीचं माझं. पण ती वाचताही यायला पाहिजे."

दोन वाजले होते. अनुजने पूर्णिमाला फोन लावला आणि काही झालेलं नाही, सगळे ठीक आहेत, असं चार वेळा सांगितलं. चार वेळा सांगितलं म्हणूनच ती घाबरली. शेवटी कौशल्याबाईंनी फोन हातातून घेतला आणि म्हणाल्या, ड्युटी संपली असेल तर सरळ घरी ये, चार पानं वाढायची आहेत.

बाहेर रिक्षा थांबवली. गाडीवर तिघं मावणार नव्हती. कौशल्याबाई एक पाय रिक्षात ठेवून मागे वळल्या.

"जावईबापू, पोरगी तुमच्याबरोबर येते की माझ्याबरोबर? आधी ठरवा, मग निघू."

तीन वर्षांनी तो शब्द ऐकून अनुजला किल्ली गाडीला लावायला वेळ लागला.

"तुमच्याबरोबर बसू दे, आई. मी मागून येतो."

"मागून नको, पुढे चला," कौशल्याबाई आत सरकत म्हणाल्या. "घर आठवतंय ना, की तेही मीच दाखवू?"