दोन्ही बटणं

ऋत्विक मुंबईहून येताना मोटर चालवायचा तयार बोर्ड घेऊन आला आणि दागिना ठेवावा तसा त्याने तो वहिनीपुढे ठेवला. "हा जोडा आणि मोकळ्या व्हा. मोटर सुलट फिरवतो, उलट फिरवतो, अजून काय पायजे?"

राहीने बोर्ड हातात घेऊन पाहिला. बोटाच्या पेराएवढी चिप आणि तिच्या पाठीला पत्र्याचा काळा तुकडा. "जळेल," ती म्हणाली.

"अहो, लावून तरी बघा!"

लावून बघितला. पलंगाला लावलेली मोटर होती गाडीच्या काचा वरखाली करणारी, हातखंब्याच्या भंगारवाल्याकडून आणलेली. रिकामी फिरताना अगदी गरीब गाय. पण पलंगावर निजलेल्या नवऱ्याच्या, शुभंकरच्या पाठीचा भार आला की ती अशी काही करंट ओढायची, की त्या बोर्डाची काय बिशाद! पलंगाची पाठ वीतभर उचलली गेली, करपल्याचा वास सुटला आणि सगळं गप्प झालं. ऋत्विकचं तोंड एवढंसं झालं. एरवी राहीने दिराची यथेच्छ खेचली असती, बोलण्यात ती कुणाला हार जाणारी नव्हे. आज तिने फक्त पडवीची खिडकी उघडली. गणपतीनंतर शुभंकरला अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून तिचं वाटण्याचं खातंच बंद पडलं होतं. राग येत नव्हता, रडू येत नव्हतं. कामं तेवढी होत होती.

शुभंकर बोटीवर इलेक्ट्रिशियन होता. झटक्यात त्याचं उजवं अंग गेलं, वाचा गेली. राहिला डावा हात, तोही थरथरता. 'हो' म्हणायचं तर तो डोळे मिटायचा, 'नाही' म्हणायचं तर नुसता बघत राहायचा. हट्ट मात्र सगळाच्या सगळा शाबूत! दोघांनी बगलेत हात घालून त्याला बसतं केलं की हा पठ्ठ्या तोंड घट्ट मिटून घ्यायचा. निजल्या निजल्या भरवावं तर घास फुप्फुसात जायची भीती. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, असंच चाललं तर पुढच्या आठवड्यात नाकातून नळी घालावी लागेल.

पोत्यासारखं उचललेलं याला चालत नाही, एवढं राहीला कळत होतं. स्वतःच्या बोटाने स्वतः उठून बसला तर खाईल. म्हणून हा सगळा खटाटोप. इन्व्हर्टर दुरुस्तीचं तिचं नाचणे गावात दुकान होतं, तेव्हा बॅटरी आणि वायरी घरच्याच. पलंगाची उचलती पाठ शेजारच्या आप्पा सुतारांनी करून दिली होती. हाक मारायला म्हणून तिने त्याच्या उशाशी एक घंटीही ठेवली होती. ती त्याने पहिल्याच दिवशी ढकलून दिली. पुन्हा ठेवली, पुन्हा ढकलली. शेवटी तिने ती उचलून फळीवर ठेवून दिली. तिला वाईटसुद्धा वाटलं नाही, आणि तेच तिला जरा विचित्र वाटलं.

बोर्ड गेल्यावर तिने चार दणकट मॉस्फेट, म्हणजे करंट चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर, घेऊन स्वतःच जुळणी केली. समोरासमोरची एक जोडी चालू झाली की मोटर सुलट, दुसरी झाली की उलट. आवाज म्हणाल तर मोटरीच्या गुरगुरीशिवाय काही नाही. शुभंकरच्या डाव्या हाताखाली दोन बटणं दिली, एक वर जायला, एक खाली यायला. ऋत्विक खूश! शुभंकरने अंगठा ठेवला, पाठ उठू लागली, आणि तेवढ्यात हात थरथरून दोन्ही बटणं एकदम दाबली गेली. झालं! बॅटरीची दोन्ही टोकं एकमेकांना थेट भेटली. फाट्कन आवाज झाला, फ्यूज उडाला आणि जाताना दोन मॉस्फेटही घेऊन गेला.

शुभंकरने हात मागे ओढला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. त्या दिवशी त्याने पाण्याचा घोटही घेतला नाही.

"त्याचा हात थरथरतो, त्याला काय करणार?" ऋत्विक म्हणाला.

"हात थरथरणारच," राही म्हणाली. "चूक माझी. हात बघून जुळणी करायला हवी होती."

दुसऱ्या दिवशी तिने दुकानातून गाडीच्या हॉर्नचे दोन रिले आणले, बटण दाबलं की आतली पट्टी टक्कन हलवून जोड बदलणारे. नवऱ्याच्या पलंगाशीच स्टूल ओढून ती वायरींना कथलाचा डाग द्यायला बसली. पूर्वी तो बोटीवरून सुट्टीवर आला की असल्या सर्किटांवरून दोघांची अशी जुंपायची, की चहा निवून जायचा. आता ती एकटीच बोलत होती, सवय म्हणून.

"हे बघ. मोटरीच्या एकेका टोकाला एकेक रिले. एक बटण दाबलंस तर वर जाशील, दुसरं दाबलंस तर खाली. दोन्ही दाबलीस तर मोटरीची दोन्ही टोकं एकाच तारेला जाऊन मिळतात, मग मोटर फिरतच नाही. काही जळत नाही, काही हलत नाही. नुसते रिले वाजतील, टक्. तेवढा आवाज सोसायला लागेल."

शुभंकर छताच्या वाशांकडे बघत होता. ऐकतोय की नाही, देव जाणे. तिने बघितलंही नाही.

जोडणी झाली. शुभंकरने बराच वेळ बटणांना हात लावला नाही. मग अंगठा सरकला. टक्. पाठ गुरगुरत वर आली, मध्येच हात थरथरला, टक्, पाठ जागच्या जागी थांबली, पुन्हा वर निघाली. तो बसला. स्वतः उठून बसला. राहीने पेजेचा चमचा पुढे केला आणि त्याने तोंड उघडलं. ऋत्विक डोळे पुसत अंगणात गेला. राही चमचा चमचा भरवत राहिली. नळी टळली हे तिला कळलं, पण कळलं तेवढंच. आत काही हललं नाही.

ऋत्विक मुंबईला परत गेला. दिवसातून कितीदा तरी पलंग वरखाली व्हायचा आणि राही त्या टक्टकीला सरावली.

एका सकाळी ती मोरीशी बांगडे साफ करत होती. पडवीतून आवाज आला, टक्. पाठोपाठ मोटरीची गुरगुर काही आली नाही. हात थरथरला असेल, ती मनाशी म्हणाली. पुन्हा टक्. पुन्हा गुरगुर नाही. थोड्या वेळाने पुन्हा.

बिघडलं की काय मेलं, म्हणत ती माशांच्या हातांनीच आली. शुभंकरचा अंगठा दोन्ही बटणांवर आडवा, नीट ठेवलेला होता.

"वर जायचंय?"

तो नुसता बघत राहिला.

"खाली?"

तेच.

"पाणी हवंय? कूस बदलायचीय? अरे, मग काय हवंय तुला?"

त्याने तिच्याकडे बघत अंगठा दाबला. टक्. काही जळलं नाही, काही हललं नाही.

राही स्टुलावर बसली. डाग देताना ती बोलली त्यातला शब्द न् शब्द याने ऐकला होता. घंटी नको होती त्याला, आजाऱ्याची घंटी. हाक मारायला त्याने तिच्याच जुळणीतून वाट काढली होती.

आणि तिला राग आला. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा, पायाच्या नखापासून आला. "मेल्या, काही नकोय तर बोलवतोस कशाला? तिकडे मांजर बांगडे पळवील! नुसतीच हाक मारलीस? नुसतीच?" बोलता बोलता तिचा आवाज चिरकला. डोळे पुसायला जावं तर हातांना माशांचा वास.

शुभंकरने डोळे मिटले. हो.

मग उघडले, आणि पुन्हा दोन्ही बटणं दाबली.