'मदत' नावाचा नंबर

आमच्या भाषेच्या वर्गात सगळ्यात जास्त वेळा मरायला टेकलेला माणूस म्हणजे माझा नवरा. एकदा हे जिन्यावरून गडगडले, एकदा यांच्या घशात काटा अडकला, एकदा तर न्हाणीघरात विजेचा झटका बसला. प्रत्येक वेळी मी फोन करून मदत मागवली आणि प्रत्येक वेळी घर क्रमांक चुकवला. हे शेजारी बसून चहा पीत ऐकायचे. पुढे पुढे तर मी फोन हातात घेतला की आपणहून विचारायचे, "आज मी कशाने मरतोय?"

हा सगळा मास्तरणीचा खेळ. इथे येऊन मला बरीच वर्षं झाली, पण इथल्या भाषेत फोनवर बोलायचं म्हटलं की माझी पाचावर धारण बसायची. माणूस समोर असला तर हातवारे करता येतात. फोनवर हात काय कामाचे? बँक, दवाखाना, घरमालक, सगळीकडे हेच बोलायचे आणि मी यांच्या पाठीमागे उभी राहून मान डोलवायची, कळो न कळो. नोकरीही मी तशीच धरली, हॉटेलच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायची. चादर उलटून प्रश्न विचारत नाही.

"उद्या मला काही झालं तर कुणाला सांगशील? चादरीला?" असं म्हणून यांनीच मला वर्गात नेऊन बसवलं.

वर्ग वाचनालयाच्या मागच्या खोलीत भरतो. सगळे पोट भरायला परमुलखात आलेले, आणि कुणा दोघांची भाषा एक नाही. मास्तरीण म्हणाली, फोनची भीती फोननेच जाते. तिने जोड्या लावल्या. आठवड्यात कधीही जोडीदाराला फोन करायचा, धड्यातलं एखादं संकट सांगायचं, आणि जोडीदाराने मदत कार्यालयातला माणूस होऊन उत्तरं द्यायची. बोलायचं ते इथल्याच भाषेत. जो आपल्या भाषेत घसरेल त्याने वर्गानंतर सगळ्या खुर्च्या रचायच्या. आणि पत्ता बरोबर येईपर्यंत फोन कुणीही ठेवायचा नाही. जोडीदाराचा नंबर प्रत्येकाने आपापल्या भाषेत 'मदत' या नावाने साठवला होता. खरा मदतीचा नंबर तिने फळ्यावर लिहून दिला, आणि तो सरावासाठी लावलात तर याद राखा, असा दमही दिला.

माझी जोडीदार म्हणजे कात्री. बायकांचे केस कापते, आणि जीभही तशीच चालते, म्हणून मी मनातल्या मनात ठेवलेलं नाव. माझ्याहून वयाने बरीच लहान, पण फोनवर अशी साहेबीण व्हायची की बस. "शांत राहा, मॅडम. घर क्रमांक पुन्हा सांगा." मी चुकायची. "पुन्हा, मॅडम." वीस वेळा घोकून घ्यायची. पोरगी नव्हे, सासू आहे ही, असं मी यांना म्हणायची.

त्या रविवारी दुपारी हे स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करत होते. दिवसभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. घरचा नळ मात्र महिनाभर ठिबकत होता. मी टेबलावर फोन ठेवून धडा वाचत बसले होते.

"मग? आज मी कशाने मरतोय?"

"बोलून बोलून," मी म्हटलं.

हे हसले. मग पाना फरशीवर पडल्याचा आवाज आला.

"फरशी फोडा आता," मी मान वर न करता म्हटलं. उत्तर आलं नाही. आमच्या घरात असं होत नाही. हे उत्तर दिल्याशिवाय राहत नाहीत.

मी वळून पाहिलं. हे ओट्याच्या कपाटाला टेकून खाली बसले होते. तोंड एका बाजूला ओघळलं होतं. उजवा हात मांडीवर पडला होता, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. ते माझ्याकडे बघून काहीतरी सांगत होते, पण तोंडातून नुसता घोगरा आवाज येत होता.

"अहो," मी म्हटलं. "अहो, नका ना अशी थट्टा करू."

लग्नाला इतकी वर्षं झाली, मी यांना कधी अरे म्हटलं नव्हतं. "अरे, बोल रे," मी ओरडले. "बोल ना रे काहीतरी!"

फोन घेतला. बोटाने आपलं आपण 'मदत' दाबलं. पलीकडून गोड सुरात "नमस्कार, मदत कार्यालय" ऐकलं तेव्हा कळलं की मी कात्रीला फोन लावलाय.

पण आता लागला होता, आणि माणूस बोलत होतं. मी सांगितलं. "माझे पती जमिनीवर पडले आहेत. त्यांना बोलता येत नाही."

"वा! आज एका दमात?" कात्री खूश झाली. तिच्या मागे केस वाळवायच्या यंत्राची घरघर चालू होती. लगेच तिने साहेबिणीचा आवाज काढला. "शांत राहा, मॅडम. ते श्वास घेत आहेत का?"

"घेत आहेत. ही गंमत नाही. कृपया लवकर या."

"उत्तम, मॅडम."

मी डोक्याला हात लावला. ही गंमत नाही, कृपया लवकर या, हेही धड्यातलंच वाक्य होतं. यांच्या घशात काटा अडकला तेव्हाही मी तेच म्हटलं होतं, आणि ती खो खो हसली होती. लांडगा आला रे आला, अशी गत. जितकं शुद्ध बोलावं तितकी तिला माझी प्रगती दिसत होती. फोन ठेवून खरा नंबर लावावा, तर तो आठवेना. मास्तरणीचा दम तेवढा लक्षात होता, नंबर साफ पुसला गेला होता.

"आता पत्ता, मॅडम. आज घर क्रमांक चुकवायचा नाही हं."

आणि मी, मूर्खासारखी, पत्ता सांगायला लागले. रस्त्याचं नाव आलं. पुढे जीभ अडकली. मी यांचा हात धरला होता, तो माझ्या हातातून निसटून खाली पडला. यांचे डोळे माझ्यावरून सरकून नळाकडे गेले आणि तिथेच राहिले.

"अगं बये, खरंच पडलेत गं!" मी माझ्या भाषेत किंचाळले. "तोंड वाकडं झालंय! माझ्याकडे बघेनात गं! मला काही सुचत नाहीये, कुणाला तरी बोलाव, तुझ्या पाया पडते!"

घरघर थांबली. मला वाटलं, आता ही खुर्च्या म्हणणार. ती म्हणाली नाही. आपल्या भाषेत एकच काहीतरी म्हणाली, हळू, घाबरलेल्या लहान मुलीसारखं. मग फोन बंद झाला.

पत्ता न घेता तिने फोन ठेवला.

मी परत लावला. लागेना. पुन्हा लावला. तिला काय कळलं असेल? बाई चिडली, असं वाटलं असेल का? शेजारचं दार ठोठावावं, तर यांना सोडून उठायचं धाडस होईना. मी उठले आणि तेवढ्यात यांचा श्वास थांबला तर? मी यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि बोलत सुटले. नळाबद्दल, धुलाईखान्यातल्या मुकादमाबद्दल, काहीबाही. मी गप्प बसले की हे जातील, असं मला पक्कं वाटत होतं. नळ ठिबकत होता. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

किती वेळ गेला कोण जाणे. जिन्यात बुटांचा धाडधाड आवाज आला, आणि दार वाजलं.

रुग्णवाहिकेतली बाई आत आली ती इकडेतिकडे बघतच. यांच्या छातीवर हात ठेवता ठेवता तिने विचारलं, "बाकीचे कुठे आहेत?" मला प्रश्न कळला, अर्थ कळला नाही.

तो कळला दवाखान्यात. बाहेरच्या बाकांवर अख्खा वर्ग येऊन बसला होता. बेकरीवाल्याच्या कोपरापर्यंत पीठ होतं. कात्रीच्या अंगावर कापलेल्या केसांनी भरलेला झगा तसाच होता. एका बाईला अर्धी भादरून ती निघून आली होती. तिने खरा नंबर लावला, सगळं सांगितलं, पण तिला धीर धरवेना. आपलं बोलणं त्यांना कळलं नसेल तर? म्हणून तिने बेकरीवाल्याला सांगितलं, त्याने मालमोटारवाल्या काकांना, काकांनी अजून कुणाला. पाच माणसांनी पाच तऱ्हेच्या उच्चारांत एकच वाक्य मदत कार्यालयाला ऐकवलं होतं, की पती जमिनीवर पडले आहेत. तिथल्या लोकांना वाटलं, इमारतच कोसळली.

"पण पत्ता?" मी विचारलं.

कात्रीने माझ्याकडे नुसतं पाहिलं. माझा घर क्रमांक तिला माझ्यापेक्षा चांगला पाठ होता.

"तू तुझ्या भाषेत बोललीस," ती म्हणाली. तिचा आवाज कापत होता. "खुर्च्या तू रचायच्या."

तेवढ्यात डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि भराभर बोलू लागल्या. मला 'रक्त' कळलं आणि 'नाही' कळलं. नाही म्हणजे काय नाही? मी बेकरीवाल्याकडे पाहिलं, तो काकांकडे, काका कात्रीकडे. आणि मग वर्गात म्हणतो तसं, आम्ही सगळे एका सुरात म्हणालो, "कृपया सावकाश सांगा."

त्या दचकल्या. मग त्यांनी एकेक शब्द सुटा करून सांगितलं. मेंदूत रक्ताची गुठळी अडकली होती. वेळेवर आणलंत. जीव वाचेल. बोलणं परत येईल की नाही, आज सांगता येत नाही.

मला आत सोडलं. परिचारिका यांच्यावर वाकून विचारत होती, "तुमचं नाव काय? कुठे राहता?" अगदी पहिल्या धड्यातले प्रश्न. इथली भाषा घडाघडा बोलणारे हे तिच्या तोंडाकडे नुसते बघत होते. मग यांची नजर वळली आणि माझ्यावर येऊन थांबली. ती नजर मला आतून ओळखीची होती. बँकेच्या, दवाखान्याच्या प्रत्येक खिडकीवर, यांच्या पाठीमागे उभी राहून, मी यांच्याकडे अशीच बघायची.

मी खाटेच्या पुढे जाऊन उभी राहिले आणि परिचारिकेला यांचं नाव सांगितलं. वय सांगितलं. रस्ता सांगितला. घर क्रमांक सांगितला, न चुकता.

मी मागे वळून पाहिलं. हे उशीवर मान डोलवत होते, कळो न कळो.