धबधब्यावरचा डावा बूट

मित्रांनो, मी डाव्या पायाचा बूट आहे, पाण्यात घालायचा. वर ताणलं जाणारं काळं कापड, खाली रबराचा तळ आणि मागे ओढून घट्ट करायची एक पट्टी. आता मी जुना झालो आहे आणि एकटा आहे. बुटानं एकटं असणं म्हणजे काय, ते पुढे कळेलच. आधी एवढं सांगून टाकतो की मी भित्रा आहे. सगळा जन्म पाण्यात काढला, पण पाण्याची भीती गेली नाही.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. गरम साच्यातून मी बाहेर पडलो तेव्हा उजवा माझ्या शेजारीच होता. एका बाईनं आम्हाला दोऱ्यानं एकत्र बांधलं आणि खोक्यात टाकलं. जहाजात आम्ही कित्येक आठवडे अंधारात होतो. खाली पाणी आपटायचं आणि मला धडकी भरायची. उजव्याला काही वाटत नसे. निदान त्यानं कधी दाखवलं नाही.

आम्ही जमैकात उतरलो. तिथं डोंगरातून एक नदी दगडी पायऱ्यांवरून उड्या घेत थेट समुद्राच्या वाळूत येते. परदेशी पाहुणे सुट्टीत येतात, वाळूवरून सुरुवात करतात आणि पडत्या पाण्यातून वर चढत जातात. दगडावर अनवाणी पाय टिकत नाही, म्हणून धबधब्याच्या पायथ्याशी बूट भाड्यानं मिळतात. ते दुकान मिस आयोनीचं. दुकान म्हणजे बदामाच्या झाडाखाली एक फळी आणि खिळ्यांच्या रांगा. एका खिळ्याला आमची जोडी लटकत असे.

मिस आयोनी पाय बघूनच माप सांगायची. "दहा नंबर म्हणता? साहेब, तुमचा अंगठा एकटाच दहाचा आहे. हे बारा घ्या." लोक हसायचे आणि बारा नंबर घालायचे.

तिचा नवरा लॅसेल्स वाटाड्या होता. सव्वीस वर्षं तो लोकांना वर नेत होता. चौदा-पंधरा जणांची एक साखळी करायची, सगळ्यांनी एकमेकांचे हात धरायचे, आणि पुढे लॅसेल्स. तो प्रत्येकाला बजावून सांगायचा, "बोटं धरू नका. बोटं लग्नात धरायची. इथं मनगट धरा." सगळ्यांचे कॅमेरे त्याच्याच गळ्यात असत. कुणी घाबरलं की त्याच्याकडे विनोद तयार. तोच त्याचा धंदा होता, घाबरलेल्या माणसाला हसवून वर न्यायचं.

मी किती पायांत गेलो, ते मला सांगता येणार नाही. पहिल्या पायरीवर पाय कापतो, ते बुटाला आधी कळतं. माणूस वरून हसत असतो आणि आत त्याची बोटं मुडपलेली असतात. जिथं पांढरं पाणी जोरात पडतं तिथला दगड खरखरीत असतो, तिथं पाय टिकतो. जिथं पाणी शांत आणि हिरवं दिसतं तिथं शेवाळ असतं. नवखा माणूस नेमका तिथंच पाय ठेवतो. अशा वेळी मी जीव खाऊन दगड धरायचो. मी सुटलो की उजवा धरायचा. दोघंही एकाच वेळी सुटलो, असं आमच्या उमेदीच्या वर्षांत कधी झालं नाही. उतरल्यावर लोक म्हणायचे, "बूट चांगले होते हं." तेवढं ऐकलं की आम्हाला बरं वाटायचं.

पुढे आमचे तळ झिजले. मागच्या पट्ट्या उसवल्या. मिस आयोनीनं त्या मासे धरायच्या तंगुसानं शिवल्या, पण गिऱ्हाइकाला आम्हाला द्यायचं तिनं बंद केलं. आम्ही सगळ्यात खालच्या खिळ्यावर गेलो. नवे निळे बूट आले. आमच्याकडे कुणी बघेना. खरं सांगू? मला सुटल्यासारखं वाटलं.

एक गोष्ट इथं सांगायला हवी. धबधब्याच्या माथ्यावर एक लाकडी पूल आहे. तिथं क्लोव्हिस नावाचा पहारेकरी बसतो. डोंगरात पाऊस पडून नदी फुगली की त्यानं शंख फुंकायचा आणि शंख ऐकला की सगळ्यांनी पाण्याबाहेर यायचं, अशी जुनी रीत होती. पण पाहुण्यांना शंख आवडायचा. मग वाटाडे फोटोसाठी शंख फुंकायला लागले. कुणाचा वाढदिवस असला तरी शंख, कुणी पहिली पायरी चढलं तरी शंख. शंख वाजला की टाळ्या पडायच्या.

मिस आयोनी एकोणीस वर्षं त्या पायथ्याशी बसली, पण एकदाही वर चढली नव्हती. तिला पाण्याची भीती होती. म्हणूनच मला ती आवडायची.

ऑक्टोबरमधल्या एका दिवशी त्यांच्या लग्नाला तीस वर्षं झाली. सकाळी तिनं भाजलेला नीरफणस आणि खारा मासा डब्यात आणला होता. लॅसेल्स खाता खाता म्हणाला, "तीस वर्षं झाली. आज तरी माझ्याबरोबर वर चल."

"मी इथं बरी आहे."

"अगं, साऱ्या जगाचे पाय तू वर पाठवलेस. तुझे कधी जाणार?"

"माझे पाय घरी जायला लागतात. तुझ्यासाठी रांधायला."

तेवढ्यात क्लोव्हिस पुलावर जायला निघाला होता. तो म्हणाला, "मिस आयोनी, तुम्ही आलात तर मी तुमच्यासाठी शंख फुंकीन. राणी आल्यासारखा!"

"राणीला निदान कुणी ओढत नेत नाही," ती म्हणाली, पण हसली. आणि हसली म्हणजे तयार झाली.

तिनं बूट निवडायला हात वर केला. नव्या निळ्या बुटांना लावला आणि काढून घेतला. "हे गिऱ्हाइकांना लागतील," ती म्हणाली. मग वाकून तिनं आम्हाला काढलं. मित्रांनो, चांगली वस्तू दुसऱ्यासाठी आणि झिजलेली स्वतःसाठी, असा तिचा स्वभावच होता. मला ओरडून सांगायचं होतं की आता आमच्यात पकड उरली नाही. पण बुटाला बोलता येत नाही.

खाली लख्ख ऊन होतं. साखळीत चौदा पाहुणे होते. पुढे लॅसेल्स, त्याच्यामागे मिस आयोनी आणि तिच्यामागे नाकाला पांढरं मलम लावलेला एक जाडा साहेब. तिचं बोट न् बोट माझ्यात आखडलं होतं. लॅसेल्स ओरडायचा, "दमलात का?" सगळे ओरडायचे, "नाही!" पाण्याचा आवाज आणि त्यात हा आरडाओरडा. आम्ही निम्म्यावर, पाद्र्याचा ओटा म्हणतात त्या रुंद दगडावर पोचलो. तिथं पाणी घोट्याएवढं असतं.

आणि तिथं मला पहिल्यांदा ते जाणवलं. माझ्या तळाखालून बारीक वाळू सरकत होती. त्या नदीत एरवी वाळू येत नाही. मग एक खडा येऊन उजव्याला लागला. मग दुसरा. पाणीही जरा कोमट झालं होतं. मला माहीत होतं की हे बरोबर नाही, आणि मी एका घाबरलेल्या बाईच्या पायात गप्प बसलो होतो. त्याहून मोठी भीती मी अनुभवलेली नाही.

तेवढ्यात वरून शंख वाजला.

"ऐकलंस?" लॅसेल्स हसून म्हणाला. "क्लोव्हिस तुझ्यासाठी फुंकतोय!" पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. लॅसेल्सनं आपला शंख काढून उत्तर दिलं. वरचा शंख थांबेना. लोकांचा उत्साह आणखी वाढला.

मिस आयोनी मात्र पाण्याकडे बघत होती. "लॅसेल्स, हिरवी पानं आली."

"मग? झाडांची पानं हिरवीच असणार."

"वाळलेली पानं रोज येतात. मी रोज बघते. ही हिरवी आहेत, देठासकट तुटलेली. वर काहीतरी झालंय."

"बघा मंडळी, माझी बायको पानं मोजतेय!" तो मागे वळून ओरडला. लोक हसले. जाडा साहेब म्हणाला, "मॅडम, पुढे सरका हो. जेवायची वेळ झाली."

ती हलली नाही. लॅसेल्सनं तिचं मनगट ओढलं. "भिऊ नकोस गं. पाणी चावत नाही. आणि चावलंच तर आधी या जाड्या साहेबांना चावेल."

तेव्हा ती म्हणाली, "मी गिऱ्हाईक नाही, लॅसेल्स. मी आयोनी आहे."

फार मोठ्यानं नाही म्हणाली. त्यानं तिच्या तोंडाकडे बघितलं आणि मग खाली पाण्याकडे. पाणी चहासारखं झालं होतं. त्याचं हसू गेलं. मी त्याचा असा आवाज कधी ऐकला नव्हता. "डावीकडे! जिन्याकडे! सगळे बाहेर! मनगट धरा, मनगट!"

धबधब्याच्या कडेनं एक लाकडी जिना जातो. ओट्यापासून तो चार-पाच पावलांवर होता, पण मध्ये एक घसरडी घळ होती. लॅसेल्स घळीत उतरून उभा राहिला. ओट्याच्या टोकाला कुणीतरी खांबासारखं उभं राहायला हवं होतं. मिस आयोनीनं आपला उजवा पाय दगडाच्या फटीत घट्ट बसवला आणि हात पुढे केला. "मला धरून जा. माझा पाय हलणार नाही."

एकेक जण तिचं मनगट धरून पुढे गेला. एक म्हातारी रडत होती. "रडा, पण चाला," मिस आयोनी म्हणाली. पाणी घोट्यावरून पोटरीवर आलं, पोटरीवरून गुडघ्यावर. काटक्या आल्या, मग फांद्या. मी उघड्या दगडावर होतो आणि माझा झिजलेला तळ पुन्हापुन्हा सुटत होता. तिचा सगळा भार उजव्यावर होता. मी सुटायचो, तो धरायचा. मी सुटायचो, तो धरायचा. शेवटी जाडा साहेब गेला. त्याचं सगळं वजन तिच्या हातावर आलं आणि तिचा पाय फटीत आणखी खाली रुतला.

"चल आता," लॅसेल्स म्हणाला.

"पाय निघत नाही."

"ओढ."

"ओढतेय रे!"

पाणी तिच्या मांडीपर्यंत आलं होतं. लॅसेल्स तिच्याजवळ आला, पाण्याखाली वाकला आणि दोन्ही हातांनी उजव्याला ओढू लागला. मागची पट्टी सुटेना. ती तंगुसाची शिवण तिच्याच हातची आणि चांगली पक्की होती. लॅसेल्स श्वास घ्यायला वर आला तेव्हा त्याचा चेहरा मला पाण्याखालून दिसला नाही, तेच बरं. मला फक्त त्याचा आवाज ऐकू आला. "आयोनी, आयोनी, आयोनी." दुसरा शब्दच नाही.

बुटाचं काम काय असतं, मित्रांनो? पाय धरून ठेवायचं. आम्हाला दुसरं काही येत नाही. मला वाटत होतं, उजव्या, सोड. एकदाच सोड. आणि हेही कळत होतं की तो सुटला तर गेला.

मग मला एक आवाज जाणवला. शिवण तुटली नव्हती. तिच्यापुढचं कापड तळापासून टरकन फाटत गेलं, टाचेपासून अंगठ्यापर्यंत. जुनं झालं होतं म्हणून फाटलं, असं लॅसेल्स नंतर म्हणाला. मी काही म्हणत नाही. मिस आयोनीचा पाय उघडा बाहेर आला. लॅसेल्सनं तिला उचललं, घळ ओलांडली आणि जिन्यावर टाकलं. आम्ही उभे होतो तिथून दुसऱ्याच क्षणी झाडाचा अख्खा बुंधा गेला.

ती जिन्यावर बसली होती. एका पायात मी, दुसरा पाय रक्ताळलेला. लॅसेल्स तिच्या पायाला हात लावून बसला होता. ती म्हणाली, "माझा बूट राहिला."

दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं. लॅसेल्स ओट्यावर जाऊन फट बघून आला. रिकामी होती. तिसऱ्या दिवशी तो वाळूवर शोधत होता. क्लोव्हिस म्हणाला, "अरे, बायको मिळाली ना? मग फाटका बूट काय शोधतोस?"

"तिनं सांगितलंय," लॅसेल्स म्हणाला आणि शोधत राहिला.

उजवा मिळाला नाही.

आता फोटोसाठी शंख कुणी फुंकत नाही. मिस आयोनी पुन्हा बदामाच्या झाडाखाली बसते. साखळी निघण्याआधी लॅसेल्स तिला विचारतो, "पानं कशी आहेत?" ती सांगते, मगच तो निघतो. एकदा त्यानं एक सुटा उजवा बूट आणला, माझ्याच नंबरचा. म्हणाला, "लाव याच्याबरोबर." तिनं तो हातात घेतला, माझ्याकडे बघितलं आणि परत दिला. बरं केलं.

मी खिळ्यावर असतो. समोरून दिवसभर उजवे पाय जातात. दुपारी ढग आले की मला अजून भीती वाटते. पूर्वी भीती वाटली की शेजारी कापडाला कापड लागायचं. आता वारा आला की मी एकटाच हलतो.

मित्रांनो, बरोबरचं माणूस घाबरून थांबलं तर त्याला हसू नका, त्याला काय दिसलं ते विचारा. आणि घरी गेल्यावर तुमच्या बुटांकडे जरा बघा. दोन्ही एकत्र धुवा, एकत्र वाळत घाला. एक आत आणि एक बाहेर, असं रात्रभर ठेवू नका.